फौजीला दलाल नको, आडत्या हवा

ठाकुर्लीत नवे बिऱ्हाड आले की सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आधी ते कापडवाल्याला कळते. सामान उतरले की पहिल्या आठवड्यात घरच्या बाईला दोन गोष्टी लागतात. एक गॅस आणि दुसरी पडदे. खिडक्यांची मापे घेऊन ती दुकानात येते आणि कापड निवडता निवडता घर कसे मिळाले, कोणी दाखविले, किती पैसे गेले, हे सारे सांगून जाते. इतकी वर्षे ही गाऱ्हाणी ऐकत आलो. त्यातले एक मात्र मनातून जात नाही, म्हणून आज व्यापाराच्या या पानावर ते मांडतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात कोकणातला एक हवालदार बायकोला घेऊन दुकानात आला. नोकरी उत्तरेकडे सरहद्दीवर. तिथे कुटुंब नेता येत नाही. मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड ठाकुर्लीत ठेवायचे ठरले होते. रजा वीस दिवसांची होती आणि त्यातले बारा दिवस घर शोधण्यात गेले होते. घर ठरले, टोकन म्हणून एकवीस हजार रोख दिले, आता पडदे हवेत, असे तो आनंदाने सांगत होता. तीन खिडक्यांचे कापड कापून मी शिंप्याकडे टाकले.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच आला. म्हणाला, "चाचा, शिवले नसेल तर थांबवा. ते घर गेले." करार करायच्या दिवशी दलालाने सांगितले होते की मालक आता नको म्हणतो, "तुमच्या लोकांना" सोसायटीत देत नाहीत. टोकन परत मागितले तर उत्तर मिळाले, पैसे कुठे जात नाहीत, दुसऱ्या घरात वळते करू. दुसरे घर म्हणजे जुन्या इमारतीचा चौथा मजला. लिफ्ट नाही आणि भाडे दीड हजाराने जास्त. टोकनची पावती नव्हती. रजेचे पाच दिवस उरले होते. हवालदाराने ते घर घेतले. तीन खिडक्यांचे पडदे दोन खिडक्यांच्या घरात कसे बसवायचे, एवढाच प्रश्न माझ्यापुरता उरला.

वाचक बंधूंनो, या हकीकतीत नावामुळे घर नाकारले गेले, हे दुःख आहेच. त्याविषयी पुढे लिहितो. पण व्यापारी म्हणून मला आधी दुसरी गोष्ट बोचली. दलालाने त्याचे नाव पहिल्याच दिवशी विचारले होते. मग नकार टोकन खिशात गेल्यावरच का आठवला? चांगले घर दाखवून पैसे अडकवायचे, मग रजा संपत आली की पडून राहिलेले घर गळ्यात मारायचे. आपल्या बाजारात असा नमुना दाखवून तसा माल देणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते सांगायला नको.

इथे फौजी का येतो?

कोणी म्हणेल, ठाकुर्लीचा आणि फौजेचा काय संबंध? संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी वसविली होती. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव पडले. अंबरनाथला संरक्षण सामग्रीचा कारखाना आहे. मुंबईत नौदलाची पश्चिम कमान आहे, कुलाब्याला लष्कराची ठाणी आहेत.

मुंबईत बदली झालेल्या जवानाला सरकारी क्वार्टर लगेच मिळतेच असे नाही. रांग असते. तोपर्यंत घरभाडे भत्त्यात बसेल असे घर शोधावे लागते आणि ते कुलाब्यात बसत नाही. मग मध्य रेल्वेने निघालेला माणूस भाडे परवडेपर्यंत पुढे सरकतो आणि डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याणला येऊन थांबतो. दुसरा प्रकार आमच्या हवालदारासारखा. ज्या ठाण्यावर कुटुंब नेता येत नाही तिथे बदली झाली की बायको-मुलांना शाळा, दवाखाना आणि नातेवाईक जवळ असतील अशा गावी ठेवावे लागते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. घर शोधायला वेळ नाही. आपण दुकानदार एखादा गाळा घ्यायचा तर सहा महिने फिरतो, चार जणांना विचारतो, पावसाळ्यात भिंत गळते का ते पाहतो. फौजीच्या हातात मोजकी रजा असते. त्या रजेतच आईवडिलांना भेटायचे, बहिणीचे लग्न उरकायचे आणि घरही पाहायचे. तो परत जाण्याची तारीख पुढे ढकलू शकत नाही, हे दलालाला पहिल्याच चहात कळते. ज्या गिऱ्हाइकाची गाडीची वेळ दुकानदाराला कळली, त्याला भाव करता येत नाही, हे आपल्या धंद्यातले जुने शहाणपण आहे.

उर्दू शाळेत शिकलेल्यांना 'तलक्की-ए-रुकबान' हा शब्द आठवत असेल. काफिला बाजारात पोहोचण्याआधीच वाटेत गाठून, त्याला बाजारभाव कळण्याच्या आत सौदा उरकणे. हदीसमध्ये याला स्पष्ट मनाई आहे. कारण परक्या माणसाच्या अजाणतेपणावर नफा कमावणे हा व्यापार नव्हे. स्टेशनच्या जिन्याखाली बॅग घेऊन उतरलेल्या जवानाला गाठणारा आणि "फौजी भाई, आजच टोकन द्या, संध्याकाळपर्यंत घर जाईल" असे म्हणणारा हेच करीत असतो. फक्त उंटांच्या जागी लोकल गाडी आली आहे.

दलाल आणि आडत्या

कापड बाजारात दलालाला कोणी शिवी समजत नाही. भिवंडीच्या ग्रे कापडापासून मुंबईच्या मंगळदास मार्केटपर्यंत दलालावाचून गाडा चालत नाही. पण आपल्याकडे दोन वेगळी माणसे आहेत आणि त्यांचा फरक शिकाऊ पोरालाही ठाऊक असतो. दलाल घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला समोरासमोर आणतो, सौदा झाला की आपली टक्केवारी घेतो आणि बाजूला होतो. आडत्या बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा माणूस असतो. नागपूरचा व्यापारी मुंबईला येऊ शकत नाही, म्हणून आडत्या त्याच्या वतीने माल पाहतो, पारखतो, गाठ बांधतो आणि आडत घेतो. पक्की आडत असेल तर व्यवहार पार पडण्याची जोखीमही तो स्वतःच्या डोक्यावर घेतो. माल खराब निघाला तर व्यापारी पहिला जाब त्यालाच विचारतो.

फौजी हा बाहेरगावचा व्यापारी आहे. त्याला आडत्याची गरज आहे आणि त्याच्या वाट्याला दलाल येतो. घरांच्या धंद्यातला इस्टेट एजंट बहुधा मालकाच्या चाव्या सांभाळणारा असतो. मालक कायमचा, भाडेकरू अकरा महिन्यांचा, तेव्हा तो कोणाची मर्जी राखणार हे उघड आहे. तरीही दलाली तो दोन्हीकडून घेतो. आपल्या भागात भाड्याच्या घराला साधारण एक महिन्याचे भाडे आणि विक्रीला किमतीच्या एक ते दोन टक्के असा प्रघात आहे. दोन्हीकडून घेण्याला माझी हरकत नाही, पण ते दोघांनाही माहीत असले पाहिजे. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याचे काम काय केले, हेही सांगता आले पाहिजे.

म्हणून घर पाहण्याआधी जवानाने एजंटला तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही कोणाचे माणूस, मालकाचे की माझे? दलाली किती आणि कोणत्या दिवशी? टोकन कोणाच्या नावावर आणि सौदा मोडला तर किती दिवसांत परत? उत्तरे एका कागदावर लिहून खाली सही मागावी. सही द्यायला जो कचरतो त्याच्याकडची घरे कितीही चांगली असोत, पुढच्या दुकानात जावे. टोकन रोख देऊच नये. घराच्या मालकाच्या बँक खात्यात टाकावे. मालकाचे खाते सांगायला एजंट तयार नसेल तर मालकाला या सौद्याची खबरच नाही, असे समजावे. आणि नावाचा प्रश्न असेल तर तो टोकनच्या आधी मालकाला फोनवर, आपल्या समोर विचारायला लावावा. नकार ऐकणे कडू असते, पण टोकनआधीच्या नकारात पैसे जात नाहीत आणि रजेचे दिवसही वाचतात.

सरकारी नोंदणीने काय होते, काय होत नाही

पुष्कळ लोक म्हणतात, आता रेरा आले, चिंता नाही. हे अर्धे खरे आहे.

स्थावर संपदा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचे काम मे २०१७ पासून सुरू झाले. या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या एजंटने स्वतःची नोंदणी केली पाहिजे. कलम १० प्रमाणे नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घरे तो विकू शकत नाही, खोट्या सोयी सांगू शकत नाही आणि त्याला हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात. नियम मोडला तर दररोज दहा हजार रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. प्रमाणपत्र न घेतलेल्या हजारो एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगितही झाली. बिल्डरबद्दलही एक कलम लक्षात ठेवावे. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय त्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

आता उरलेला अर्धा भाग पाहा. या कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीपुरती आहे. भाड्याची घरे दाखविणारा त्यात येत नाही. आमच्या हवालदाराला जो भेटला त्याच्यासाठी परीक्षा नाही, नोंदणी नाही, वही नाही. त्याच्या पाटीवर रेराचा क्रमांक असला तरी तो विक्रीच्या कामाचा असतो, भाड्याच्या टोकनला तो लागू पडत नाही.

विक्रीतही केवळ क्रमांक पाहून भागत नाही. हा धडा आपल्याच शहराने साऱ्या महाराष्ट्राला दिला. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविली. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी कर्ज काढून घरे घेतली त्यांची झोप उडाली. त्यांनी क्रमांक पाहिला होता. परवानगी खरी की खोटी, हे महापालिकेत जाऊन विचारायचे राहिले होते. आणि जुन्या इमारतींचे म्हणाल तर २०१५ च्या जुलै अखेरीस ठाकुर्लीतच तीन मजली इमारत रात्री कोसळून माणसे दगावली. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. भाड्याने घर घेणाऱ्यानेही ती यादी पाहावी. चौथ्या मजल्यावर बायको-मुलांना ठेवून सरहद्दीवर जाणाऱ्याने तर पाहावीच.

विकत घ्यायचे असेल तर जवानाला आणखी एक रस्ता आहे. लष्करासाठी १९७८ पासून आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन आहे, नौदल आणि वायुदलासाठी १९८० पासून स्वतंत्र मंडळ आहे. त्यांच्या योजनांत दलाल नसतो. घाई नसलेल्याने आधी तिथे चौकशी करावी.

कागदच त्याच्या जागी उभा राहतो

जवान रजा संपवून निघून गेला की त्याच्या बाजूने बोलायला ठाकुर्लीत कोण उरते? बायको एकटी असते, शेजार नवा असतो. अशा वेळी कागद बोलतो. सूरह अल्-बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे, हे आपण वाजमध्ये ऐकतो आणि भाड्याच्या घरात गेल्यावर विसरतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तंटा झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. तरी एजंट म्हणतो, "स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू, खर्च वाचेल." किती खर्च वाचतो, ते पाहू. पंधरा हजार भाडे, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिन्यांचा करार धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का, म्हणजे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर थोडे किरकोळ शुल्क. पडद्यांना याहून जास्त पैसे लागतात! ही नोंदणी आता घरबसल्या संगणकावरून होते, अंगठा घ्यायला माणूस दारात येतो. रजेच्या एका दुपारी काम उरकते.

करारात फौजीने चार गोष्टी घालून घ्याव्यात.

पहिली, बदलीची अट. बहुतेक करारांत अमुक महिने घर सोडायचे नाही, सोडले तर अनामत कापली जाईल, असे लिहिलेले असते. फौजीला हे परवडत नाही, कारण घर कधी सोडायचे ते त्याच्या हाती नसते. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने सैनिकाला बदलीचा किंवा ९० दिवस वा अधिक मुदतीच्या मोहिमेचा हुकूम आला तर नोटीस देऊन भाड्याचा करार संपविता येतो, मालकाला त्यासाठी दंड घेता येत नाही. आपल्याकडे भाडेकरू सैनिकासाठी असा कायदा नाही. पण करारात लिहून घ्यायला कोणाची मनाई आहे? "बदलीचा हुकूम किंवा सरकारी क्वार्टर मिळाल्याचे पत्र दाखविल्यास एक महिन्याच्या नोटिशीने करार संपेल आणि अनामत पूर्ण परत मिळेल," एवढे एक वाक्य पुरते.

दुसरी, करारात बायकोचेही नाव. शाळा, गॅस, बँक, पोलीस ठाण्यातील भाडेकरूची नोंद, सगळीकडे हाच कागद लागतो. नवरा लडाखला आणि करार एकट्या त्याच्या नावावर, मग प्रत्येक ठिकाणी त्या माउलीने काय दाखवायचे?

तिसरी, अनामत बँकेतूनच द्यायची आणि परतीची तारीख लिहायची. आपल्या भागात 'हेवी डिपॉझिट'ची चाल आहे. काही लाख एकरकमी द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा नाहीच. फौजीकडे फंडाचे पैसे असतात, त्याला हे स्वस्त वाटते. पण घरावर बँकेचे कर्ज थकले असेल तर बँक घराला टाळे लावते आणि अनामत मालकाच्या मागे फिरून वसूल करावी लागते. फौजी मागे फिरणार कधी? त्याने या वाटेला जाऊ नये.

चौथी, घर दाखविणारा आणि सही करणारा यांची खात्री. सूची क्रमांक दोनची प्रत मागावी आणि त्यावरचे नाव मालकाच्या आधार कार्डाशी ताडून पाहावे. मालक परदेशी असून भाऊ किंवा मेहुणा सही करीत असेल तर मुखत्यारपत्र पाहावे आणि त्यात भाड्याने देण्याचा अधिकार लिहिला आहे का, ते वाचावे.

ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांच्यासाठी

काही जवानांनी इथे घर घेतलेले असते आणि बदली झाल्यावर ते भाड्याने देतात. अनेकांना भीती असते की भाडेकरू निघालाच नाही तर काय? एजंट याच भीतीवर बंद घरे पडत्या भावात विकायला लावतो. अशा बंधूंनी कलम २३ लक्षात ठेवावे. सैन्यातील किंवा सैन्यातून निवृत्त झालेल्या मालकाला स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या राहण्यासाठी घर हवे असेल तर त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरचे प्रमाणपत्र न्यायालयात द्यायचे. तो सैन्यात आहे किंवा निवृत्त आहे आणि त्या भागात त्याच्याकडे राहण्याजोगे दुसरे घर नाही, एवढे त्यात असावे लागते. हे प्रमाणपत्र निर्णायक पुरावा मानले जाते. जवान हयात नसेल तर त्याच्या वारसांसाठीही कायद्यात तरतूद आहे. लिव्ह अँड लायसन्सवर दिले असेल तर कलम २४ आहेच. मुदत संपूनही जो निघत नाही त्याच्याकडून दुप्पट भाड्याने भरपाई घेता येते. घर विकण्यापूर्वी एवढे वाचले तरी कित्येकांचे छप्पर वाचेल.

सैनिकावर दावा लावून त्याच्या गैरहजेरीत निकाल घेऊ पाहणाऱ्यांसाठी १९२५ चा सैनिक दावे कायदाही आहे. खास परिस्थितीत किंवा युद्धात सेवेवर असलेल्या सैनिकाविरुद्धचे काम त्याच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर न्यायालय थांबविते. कागदपत्रे कुठे आणि कशी करायची हे विचारायला ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे विचारायला कोणी दलाली मागत नाही.

नावाचा प्रश्न आणि आपला आरसा

आता 'तुमच्या लोकांना' या शब्दांविषयी. देशाची वर्दी घातलेल्या माणसालाही हे ऐकावे लागते, याहून जास्त बोलण्यासारखे काही नाही. खासगी मालकाने धर्म पाहून घर नाकारले तर त्याला सरळ जाब विचारणारा कायदा आपल्याकडे नाही. ही उणीव आहे आणि ती दूर झाली पाहिजे. पण एजंट जेव्हा सोसायटीचे नाव पुढे करतो तेव्हा एवढे जरूर सांगावे की २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळविणे पुरते. पुष्कळदा सोसायटीने काही म्हटलेलेच नसते. एजंटने स्वतःच अंदाज बांधून दार लावलेले असते.

आणि बंधूंनो, आरसाही पाहू या. कल्याणात, मुंब्र्यात, भिवंडीत आपल्यापैकी अनेकांची भाड्याची घरे आहेत. फौजीची बायको दोन मुलांना घेऊन घर पाहायला आली तर आपण काय म्हणतो? "मर्द घरी नसतो, जबाबदारी कोण घेणार?" किंवा "वर्दीवाला आहे, घर सोडले नाही तर काय करायचे?" दुसऱ्याने नावामुळे नाकारले तर जुलूम आणि आपण नवरा सरहद्दीवर आहे म्हणून नाकारले तर खबरदारी, असा दुहेरी गज घेऊन कापड मोजता येत नाही. घर सोडण्याची भीती असेल तर नोंदणीकृत करार करा. वर सांगितलेले कलम २४ तुमच्यासाठीच आहे. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होणारा, व्यसन असेल तर वरिष्ठांना जाब द्यावा लागणारा, असा भाडेकरू शोधूनही सापडत नाही.

आपण काय करू शकतो?

मला दोन कामे सुचतात.

आपले अनेक सुशिक्षित तरुण बेकार आहेत आणि काहीजण घरे दाखविण्याचा धंदा करीतच आहेत. त्यांनी महारेराचे प्रशिक्षण घ्यावे, परीक्षा द्यावी, नोंदणी करावी आणि पाटीवर क्रमांक लावावा. भाड्याच्या कामाला कायदा नोंदणी मागत नसला तरी पावती आणि वही ठेवायला कोणी अडवीत नाही. जो एजंट फौजीला लिहून देईल की "मी तुमच्या बाजूने काम करतो, दलाली एवढी, टोकन मालकाच्या खात्यात," त्याचे नाव एका पलटणीतून दुसऱ्या पलटणीत जाईल. फौजी माणूस बोलका असतो. रांगेत, मेसमध्ये, आगगाडीत तो हेच सांगत असतो की कुठे फसलो आणि कोणी मदत केली. जाहिरातीला एवढा स्वस्त रस्ता दुसऱ्या कोणत्या धंद्यात आहे?

दुसरे काम आपण दुकानदारांचे. शिंपी, सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, कापडवाला, आपण सगळे घरांच्या आत जाणारी माणसे आहोत. कोणत्या इमारतीत पाणी दोन तास येते, कोणता स्लॅब गळतो, कोणता मालक अनामत परत करताना रंगकामाच्या नावाने निम्मे कापतो, हे एजंटपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असते. परका जवान दुकानात आला तर त्याला एवढे सांगणे ही फुकटची आडत आहे. घर ठरविण्याच्या दिवशी अर्धा तास दुकान नोकरावर सोडून त्याच्यासोबत जाणे, साक्षीदार म्हणून सही करणे, त्याच्या बायकोला आपला फोन नंबर देऊन ठेवणे, यात भांडवल लागत नाही.

तो हवालदार जाताना माझ्याकडे पडद्यांचे पैसे ठेवून गेला. मी घेत नव्हतो, तो ऐकेना. ते पडदे कापून, नवी गोट लावून मी दोन खिडक्यांना बसतील असे करून दिले. टोकनचे काय करायचे ते मला त्या वेळी सुचले नाही, ही माझी चूक. वकिलाकडून करारनाम्याचा एक मसुदा आता लिहून घेतला आहे. बदलीची अट, बायकोचे नाव, अनामतीची तारीख, एजंटने सही करून द्यायची चिठ्ठी, हे सारे त्यात आहे. त्याच्या प्रती दुकानात गल्ल्याशेजारी ठेवल्या आहेत. ज्याला घर घ्यायचे आहे त्याने घेऊन जाव्या. कापड घेतलेच पाहिजे असे नाही.